फिरवणं आणि वाटणं

नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘घरची हिरवी स्मूदी : तीन ऋतू, तीन पेले’. तिन्ही पेले मी सांगणार आहे, त्यांच्यासाठीच तुम्ही एवढ्या उन्हात आलात. पण त्याआधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द कळला की पेले तुमचे तुम्हालाच सुचतील.

आधी हात वर करा पाहू. पालक आणि केळं एकदा तरी मिक्सरला लावलंय असे किती जण आहेत? अरे वा, अर्ध्याहून जास्त सभागृह आहे. आता त्यातल्या किती जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा करावंसं वाटलं? बघा, चार हात उरले. दुसऱ्या रांगेतल्या काकू, तुमचा हात अजून वर आहे. पाणी कधी घालता तुम्ही? नंतर. ऐकलंत? काकू पाणी नंतर घालतात. माझं अर्धं व्याख्यान त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं.

माझं सासर वसईकडचं, आगाशीचं. घराला लागून वाडी होती. केळी, अळू, पानवेल आणि विहिरीच्या पाटाला धरून पालकाचे, मुळ्याचे वाफे. पहाटेच्या गाडीने भाजीचे भारे मुंबईला जायचे. जे भाऱ्यात मावायचं नाही ते आमच्या पातेल्यात. अशा घरात पालेभाजीचं कौतुक कुणाला नव्हतं, पण पारख सगळ्यांना होती. देठ मोडताना कट् आवाज आला तर पान कोवळं, हे मी तिथे शिकले. मी पुढे एकतीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं, पण पुस्तकात हा आवाज कुठे लिहिलेला नाही.

तर तिथली गोष्ट. माझं हिमोग्लोबिन उतरलं होतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पालेभाज्या वाढवायला सांगितल्या. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने कृती आणली: पालक, केळं, ग्लासभर पाणी, बर्फ, सगळं एकदम भांड्यात. मी मोठं भांडं काढलं आणि तीन मिनिटं मिक्सर चालवला. झाकण उघडलं तर वर बोटभर फेस, खाली हिरवट पाणी आणि मधे दोऱ्यासारखे पालकाचे तुकडे. सासूबाई ओट्याशी बसल्या होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवरचा धागा बोटाने काढून ताटलीच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, हे तू फिरवलंस. वाटलंस कुठे?”

मी म्हटलं, “आई, मिक्सरमध्ये तेच ना ते?”

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, चटणीचं लहान भांडं धुऊन घेतलं. त्यात मूठभर पालक हातानेच तोडून टाकला, ओल्या खोबऱ्याचा बोटाएवढा तुकडा, आल्याची एक चकती आणि फक्त चार चमचे पाणी. मिक्सर सलग चालवला नाही. जरा फिरव, थांब, कडेला चिकटलेलं चमच्याने खाली ढकल, पुन्हा फिरव. मग चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. बोटांना कण लागत होता, म्हणून आणखी दोनदा. गंध उगाळल्यासारखं झालं तेव्हा त्यात केळं टाकलं, आणि सगळ्यात शेवटी गार पाणी. लिंबू पेल्यात पिळलं. मी प्यायले. पालक तोच, केळं तेच, मिक्सर तोच, आणि धागा एकही नाही. घशाखाली असं उतरलं, जशी दाट ताकाची कढी.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ही दोन क्रियापदं बसली आहेत. आपण सहज म्हणतो, ‘जरा मिक्सरमधून फिरवून घे’. पण पाट्यावर बसलेली बाई कधी ‘फिरवत’ नव्हती, ती वाटत होती. वाटणं म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवर घासणं. भांड्यात पाणी भरपूर असलं की हलकी पानं पाण्याबरोबर गरगर फिरतात आणि पात्याला हुलकावणी देतात. पाणी कमी असलं की त्यांना पळायला जागा राहत नाही. ती पात्याशी, खोबऱ्याशी आणि एकमेकींशी घासली जातात. खोबऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. पानांतलं कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते शोषलं जायला थोडा स्निग्धांश लागतो. खोबरं नको असेल तर चार भिजवलेले बदाम किंवा चमचाभर तीळ घाला.

आणि आपल्या मिक्सरचा जन्मच वाटण्यासाठी झालाय हो! सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनीअर होते. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्याकडचं वाटण करता करता जळला, आणि मग त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल असं यंत्र घडवलं. 1963 मध्ये त्यांचा सुमीत नावाचा मिक्सर बाजारात आला. सुकं खोबरं, डाळ, हळकुंडं वाटायची म्हणून त्याला दणकट मोटर. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण गेल्या वर्षी माझ्या बहिणीला एका दुकानात सांगितलं गेलं की स्मूदी करायची तर वेगळं यंत्र घ्यावंच लागेल, आणि किंमत सांगितली ती तिच्या महिन्याच्या पेन्शनच्या जवळपास. मला फार वाईट वाटलं. तिच्या ओट्यावर चांगला मिक्सर होता. ते वेगळं यंत्र घेऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही, पण चटणीचं भांडं घरात असेल तर उद्या सकाळची सोय झालेली आहे. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. आणि मिक्सर मधेच बंद पडला तर घाबरू नका, बहुतेक मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं. पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या आणि मग ते दाबा.

आता गाळणी. यावर मी नेहमी भांडते आणि आजही भांडणार आहे. नीट वाटता आलं नाही की माणूस गाळतो. चोथा कुंडीत जातो आणि पेल्यात उरतं गोड हिरवं पाणी. त्या चोथ्यात तंतुमय भाग होता, त्याच्यासाठी तर पानं आणली होती! फळाचा रस काढला की त्यातल्या साखरेला जागतिक आरोग्य संघटना मोकळी साखर मानते, सरबतात आपण वरून घालतो तीच. ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला तर असा आहे की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलीटरच्या वर नको, आणि तेवढ्यालाही फळं-भाज्यांच्या रोजच्या पाच वाट्यांतली एकच वाटी धरा. म्हणजे न गाळलेली स्मूदीसुद्धा एक लहान पेलाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाचं जे ताट सांगितलं त्यात भाज्या 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम आहेत. पेल्यातून तुम्ही त्यातली मूठभर भाजी भागवाल. जेवणातली भाजी तशीच राहू द्या.

आणि एक गोष्ट मी घाईत सांगणार नाही, वेळ संपली तरी चालेल. दुधी. आमच्या शेजारचे काका रोज सकाळी दुधीचा रस घ्यायचे, चार वर्षं. एका सकाळी तो कडू लागला. औषध कडूच असतं म्हणून ते पूर्ण प्यायले. अर्ध्या तासात उलट्या, पोटात कळा, आणि रक्त पडलं म्हणून रुग्णालयात. ते वाचले. 2010 मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ वाचले नाहीत. त्यांनी दुधी आणि कारलं एकत्र केलं होतं. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. समितीचं सांगणं साधं होतं: रस करण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर लगेच रुग्णालयात जा. मिसळू नका का? कारल्यात दुधीचा कडूपणा लपतो म्हणून. काकडी चिरताना आपली आजी टोक कापून तुकडा जिभेवर ठेवायची ना? तेच करायचं. काकडी असो, दुधी असो, चाखल्याशिवाय भांड्यात काही जाणार नाही. एवढं एक मला तुमच्याकडून वचन हवंय. द्याल? ...धन्यवाद.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पेले भरभर सांगते, लिहून घ्या. प्रत्येक पेला एका माणसाचा.

हिवाळा. कोवळ्या पालकाची मूठ, म्हणजे दहा-बारा पानं, चार पानं कोथिंबीर, आल्याची चकती, खोबऱ्याचा तुकडा. हे आधी वाटायचं. मग अर्धा पिकलेला पेरू, बिया काढून, आणि एक वेलची केळं. शेवटी अर्धा पेला गार पाणी आणि आवळ्याचा चमचाभर कीस. पालकातलं लोह सहज अंगी लागत नाही, पेरू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. तरीही माझं हिमोग्लोबिन चढलं ते गोळ्यांनी, तेव्हा गोळ्या सोडू नका.

उन्हाळा. पुदिन्याची पंधरा-वीस पानं, सॅलडची किंवा कोबीची हिरवी बाहेरची पानं दोन, भाजलेलं जिरं, चिमूट सैंधव. मग चाखलेली अर्धी काकडी आणि पिकलेल्या आंब्याची एक फोड किंवा वाटीभर कलिंगड. कलिंगड घातलंत तर पाणी नकोच. लिंबू सगळ्यात शेवटी, पेल्यात. आंबट लागलं की हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. चटणी काळवंडू नये म्हणून जशी घाई करतो तशीच इथे. बर्फाचा एक खडा वाटतानाच घाला, म्हणजे पात्याने पानं गरम होत नाहीत.

पावसाळा. पानांना चिखल असतो, किडी असतात. वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुवा, जुडी बुडवून काढणं म्हणजे धुणं नव्हे. मी तर त्या दिवसांत पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकते आणि ते पाणी फेकते. त्याच्या जोडीला कोकणातलं तवसं, म्हणजे मोठी पावसाळी काकडी, मिळालं तर फारच छान, नाहीतर डाळिंब किंवा पपई. पपई दह्यात किंवा दुधात घालून ठेवू नका, तिच्यातलं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि पेला कडू होतो.

कुणी पथ्याविषयी विचारलंय. मुतखडा झालेल्यांनी कच्चा पालक, राजगिरा, माठ पेल्यात रोज घेऊ नये, ऑक्सलेट फार असतं. उकळून पाणी टाकलं की ते बरंच कमी होतं, आणि सोबत दही असलं तर त्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला पोटातच धरून ठेवतं. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवायचं नाही, के जीवनसत्त्वामुळे गोळीचा हिशोब चुकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो. या तिघांनी आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असलेल्यांनी केळं अर्धं करा आणि पानं दुप्पट.

किती वेळ टिकतं, असंही आहे चिठ्ठीत. टिकवू नका. केलं की पंधरा-वीस मिनिटांत प्या.

पुढच्या टेबलावर तीन मोठी भांडी झाकून ठेवली आहेत. तिन्हीत पालक आणि केळंच आहे. पहिलं गाळलेलं, दुसरं फिरवलेलं, तिसरं वाटलेलं. कुठलं कुठलं हे मुद्दाम लिहिलेलं नाही. वाट्या लहान आहेत, तिन्ही घ्या आणि मला येऊन सांगा. काकू, तुम्ही आधी या.