पहिली बॅच

[दृश्य : डिसेंबरची पहाट. कच्च्या रस्त्यावर टेम्पोचे दिवे.]

निफाडची थंडी अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर आला की इथले बागायतदार रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. या वस्तीवर मात्र यंदा विस्तव बागेत नाही, शेडमध्ये आहे. कोळसा बाहेर पेटवून, धूर गेल्यावर, लालभडक निखाऱ्यांच्या शेगड्या आत ठेवल्यात.

टेम्पोतून खोकी उतरतायत. कोंबडीची 3000 पिल्लं, वय एक दिवस, वजन जेमतेम 40 ग्रॅम. हॅचरीतून निघाल्यापासून पोटात दाणा नाही, तरी टुणटुणीत आहेत. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर दोनेक दिवस निघतात.

दादा-वहिनींची ही पहिलीच बॅच. सलग दोन हंगाम अवकाळीनं द्राक्षं खाल्ली, तेव्हा बागेचा एक तुकडा मोडून त्यांनी 100 फूट लांब, 30 फूट रुंद शेड उभी केली. पक्ष्यामागे एक चौरस फूट, असा साधा हिशेब. करार एका कंपनीशी. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची; शेड, वीज, पाणी, तूस आणि जागरण यांचं. शेवटी जिवंत वजनावर किलोमागे मजुरी. पक्षी यांच्या दारात वाढणार, पण यांच्या मालकीचे नाहीत.

[दृश्य : वहिनी पिल्लांच्या चोची गुळाच्या पाण्यात बुडवतात.]

पाणी कोमट आहे. तुसावर वर्तमानपत्रं अंथरलीत, कारण पहिल्या दिवशी पिल्लाला दाणा कुठला आणि तूस कुठलं ते कळत नाही. भोवती पत्र्याचं गोल कडं. चौकोनी चालत नाही. कोपरा मिळाला की थंडीत पिल्लं तिथं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात.

थर्मामीटर टांगलाय. पहिल्या आठवड्यात 33-34 अंश हवेत. कंपनीचा सुपरवायझर आला, पण थर्मामीटरकडे पाहिलंही नाही त्यानं. "दादा, काटा नका बघू, पिल्लं बघा." शेगडीजवळ गठ्ठा झाला तर ऊब कमी पडतेय. चोची वासून कडेला पळाली तर जास्त झालीय. सगळी एकाच बाजूला सरकली, तर कुठून तरी गार झोत येतोय, तो शोधायचा. आणि कड्यात सगळीकडे पसरलीत, काही टिपतायत, काही आडवी झालीत, असं दिसलं की माणसानंही आडवं व्हावं.

रात्री नऊला वहिनी एकेक पिल्लू उचलून गळ्याखालची पिशवी चाचपतात. मऊ आणि भरलेली हवी. टणक लागली तर दाणा मिळाला, पाणी मिळालं नाही.

सातव्या दिवशी राणीखेतची लस, डोळ्यात एकेक थेंब. राणीखेत हे हिमालयातलं थंड हवेचं गाव. कोंबडीवाल्यांना मात्र हे नाव रोगाचं म्हणूनच माहीत. आपल्याकडे त्यालाच मानमोडी म्हणतात.

[दृश्य : शेड बाहेरून. पडदे गच्च बांधलेले. धुकं.]

दहाव्या दिवशी घोळ झाला. थंडी वाढली म्हणून दादांनी चारी बाजूंचे पडदे आढ्यापर्यंत बांधले. ऊब छान टिकली. पहाटे आमचा कॅमेरामन आत शिरला आणि डोळे चोळत बाहेर आला. अमोनिया. विष्ठा आणि सांडलेलं पाणी तुसात मुरलं, की तो वायू सुटतो. दादांना काहीच जाणवत नव्हतं. चोवीस तास तिथंच असल्यानं नाक सरावलं होतं. पिल्लं मात्र शिंकत होती, काहींच्या घशात खुरखुर होती.

सुपरवायझर उकिडवा बसला आणि दादांनाही त्यानं खाली बसवलं. "आपलं नाक पाच फुटांवर, त्यांचं चार बोटांवर."

पडदा खालून बांधायचा आणि वरून उघडायचा. म्हणजे गार वारा पिल्लांच्या अंगावर न पडता डोक्यावरून जातो आणि घाण हवा बाहेर पडते. शेकोटीवर वाढलेल्या माणसाला थंडीत पडदा उघडायला धीर लागतो. दादांचा हात दोरीवर बराच वेळ तसाच होता. त्या दोन दिवसांत 31 पिल्लं गेली. दुसऱ्या दिवसापासून तूस रोज खालीवर करणं सुरू झालं.

चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, पाण्यातून. आधी तासभर पाणी बंद, मग दूध पावडर कालवलेलं पाणी, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनपासून लस वाचते.

[दृश्य : पांढरे पक्षी. शेड भरलेली.]

तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी वाटतं, काल हे एवढे नव्हते. 40 दिवसांत 40 ग्रॅमचे दोन किलो! गावठी कोंबडीला एवढं व्हायला पाच-सहा महिनेही पुरत नाहीत. गावात कुजबुज असतेच, की इंजेक्शन देतात. 3000 पक्ष्यांना रोज सुई टोचायला माणसं कुठून आणायची, हे कुणी विचारत नाही. ही वाढ पिढ्यानपिढ्या निवडून केलेल्या संकराची आणि खाद्याची आहे. विचारायचंच तर अँटिबायोटिकबद्दल विचारावं; औषध बंद केल्यावर किती दिवसांनी पक्षी बाजारात गेला, हा प्रश्न खरा आहे. आणि या वाढीची किंमत पक्षीही मोजतो. पाय आणि हृदय तिच्याबरोबर धावू शकत नाहीत. संध्याकाळी धडधाकट असलेला नर सकाळी उताणा सापडतो.

भावाची जोखीम दादांनी मुद्दाम घेतली नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. 2020 मध्ये तर कोंबडीमुळे कोरोना होतो या नुसत्या अफवेनं लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. हे सगळं ऐकून माहीत होतं, म्हणून करार.

[दृश्य : रात्र. मंद दिवे. पकडणारे शेडमध्ये.]

एक्केचाळिसावी रात्र. खाद्य संध्याकाळीच काढलंय. पकडणारी पोरं पायांना धरून पक्षी उचलतात, क्रेट भरतात, काटा होतो. 2880 पक्षी, सरासरी 2 किलो 200 ग्रॅम. खाद्याची 209 पोती संपली. म्हणजे किलोभर वजनाला साधारण 1 किलो 650 ग्रॅम खाद्य. पहिल्या बॅचला वाईट नाही, असं सुपरवायझर म्हणाला. वहिनी बाहेर ओट्यावर होत्या. "पिल्लं उतरवायला मी होते, भरायला नको," म्हणाल्या.

[दृश्य : दुपार. रिकामी शेड, भिंतींना चुना.]

शेजारी कोंबडखताच्या ट्रॉलीचा भाव विचारून गेला. वहिनींनी नाही म्हणून सांगितलं. आधी खड्ड्यात कुजवायचं, मग आपल्याच बागेला घालायचं.

पुढची पिल्लं फेब्रुवारीच्या मध्यात येणार. ती मोठी होतील तेव्हा मार्चचं ऊन असेल, आणि कोंबडीला घाम येत नाही. दादा शिडीवर उभे राहून पत्र्यावर टाकायच्या पाण्याच्या नळीचं माप घेतायत.