दोंडाईचाची जाळी

श्रोतेहो, नमस्कार.

जांघेत एक गाठ येते. खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. दुखत नाही, म्हणून माणूस कुणाला सांगत नाही. आपल्याकडे जुनी माणसं तिला अंतर्गळ म्हणतात, दवाखान्यात हर्निया म्हणतात. साधारण चार पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा हर्निया होतो. ओझं उचलणारे कितीतरी जण कमरेला पट्टा आवळून वर्षानुवर्षं कामावर जातात. मग एखाद्या रात्री आतडं पोटाच्या भिंतीत पडलेल्या फटीत अडकतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोष्ट जिवावर बेतते.

मी तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया करत आलो. आम्ही शिकलो तेव्हा फटीच्या दोन्ही कडा ओढून एकमेकींना शिवायच्या, हीच रीत होती. पोत्याला भोक पडलं आणि नुसत्या कडा ओढून शिवल्या, तर पोतं भरल्यावर टाक्याजवळच पुन्हा उसवतं. पोटाचंही तसंच व्हायचं. त्यावर लॉस एंजेलिसच्या डॉ. लिख्टेनस्टाइन यांनी 1980 च्या दशकात ठिगळाचा मार्ग रूढ केला. कडा ओढायच्याच नाहीत, वर प्लास्टिकची बारीक जाळी बसवायची. शरीराचे तंतू त्या जाळीत विणले जातात आणि भिंत मजबूत होते. हर्निया परत येण्याचं प्रमाण खूप घटलं. अडचण एकच होती, जाळीची किंमत. मजुराला ती परवडत नव्हती.

इथे धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा येतं. मिरचीच्या बाजारासाठी आपण हे गाव ओळखतो. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोंगांवकर यांनी नव्वदच्या दशकात मच्छरदाणीचं कापड हाती घेतलं. धागा प्लास्टिकचाच, वीण तशीच बारीक. ते कापून, धुऊन, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यांनी रुग्णांमध्ये वापरलं. दुसऱ्या शल्यचिकित्सकांनाही सोबत घेतलं आणि सगळ्यांचे अनुभव 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापले. छोट्या गावातल्या डॉक्टरने नोंदी ठेवाव्यात, त्या जगापुढे मांडाव्यात, याचं मोल मला त्या कापडाइतकंच वाटतं.

पुढे ही कल्पना आफ्रिकेत गेली. घानामध्ये मच्छरदाणीची जाळी वापरून शस्त्रक्रिया झाल्या. पण शंका उरतच होती. स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची आहे, हे ठरवायचं कसं? त्याचं उत्तर युगांडातून आलं. स्वीडन आणि युगांडाच्या संशोधकांनी हर्निया असलेले 302 पुरुष निवडले. कुणाला कुठली जाळी हे चिठ्ठी काढावी तसं ठरलं. आपल्या पोटात कुठली जाळी आहे हे रुग्णाला माहीत नव्हतं, नंतर तपासणाऱ्यालाही नव्हतं. बाजारातली जाळी सुमारे 125 डॉलरची, दुसरी एका डॉलरच्या आसपासची. आणि ही स्वस्त जाळी आली होती आपल्याच देशातून, तामिळनाडूतल्या करूरहून.

वर्षभरानंतर काय दिसलं? स्वस्त जाळीच्या गटात एकाच माणसाचा हर्निया परत आला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. सूज, रक्त साकळणं असे लहानमोठे त्रास एका गटात 30.8 टक्के, दुसऱ्यात 29.7 टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. हे निष्कर्ष 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुकानातली कुठलीही मच्छरदाणी यासाठी चालत नाही. डासांचं औषध लावलेली तर मुळीच नाही. धागा कशाचा आहे, उष्णतेत तो टिकतो का, हे आधी तपासावं लागतं. युगांडात ती जाळी 121 अंशांवर निर्जंतुक केली होती.

त्या अभ्यासातला मला सर्वांत भावलेला आकडा मात्र वेगळाच आहे. वर्ष उलटल्यावरही 95.6 टक्के रुग्णांची तपासणी झाली. रस्ते कच्चे, लोक कामधंद्याला पांगलेले, तरी त्यांना गाठलं. माझ्या वहीत कितीतरी नावांपुढे मी ‘ठीक’ लिहून ठेवलं होतं. त्यांतलाच एक गृहस्थ आठ वर्षांनी आला. गाठ केव्हाच परत आली होती. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आलो नाही,” म्हणाला. त्या दिवशी मी वही उघडली आणि ‘ठीक’ या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच टाळली. जांघेतल्याच एका मजबूत पडद्याची पट्टी, दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून, फटीवर शिवायची. 2001 मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पोलंडमध्ये 208 पुरुषांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोघादोघांचाच हर्निया परत आला होता. माझं मत विचाराल तर तीन वर्षं थोडी आहेत. हर्निया दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. या रुग्णांची पुढची वर्षंही कुणीतरी मोजायला हवीत.

आपल्यापैकी ज्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी या महिन्यात एकदा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन या. त्रास नसला तरी जा. गाठ परत आली असेल, जांघेत बधिरपणा किंवा कळ राहिली असेल, तर तीही सांगा. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून लपवू नका.

नमस्कार.