‘डॉग’ ते ‘बेन्जी’ : हिगिन्सची गोष्ट

[दृश्य : प्राणी-निवाऱ्यातली पिंजऱ्यांची रांग. जाळीला टेकलेली नाकं.]

साल १९६०. कॅलिफोर्नियातलं बरबँक. सिनेमा आणि टीव्हीच्या स्टुडिओंचं गाव. त्या गावातल्या प्राणी-निवाऱ्यात कुत्र्याचं एक झिपरं, तपकिरी पिल्लू होतं. जात कुठली, कुणालाच ठाऊक नाही. त्याला घरी नेणाऱ्या माणसाच्या मते त्यात थोडा पूडल होता, थोडा कॉकर स्पॅनियल आणि थोडा श्नॉझर. पण हाही अंदाजच.

तो माणूस होता फ्रँक इन. पिल्लाचं नाव त्यानं ठेवलं हिगिन्स.

[दृश्य : फ्रँक इन, भोवती कुत्री-मांजरं.]

फ्रँक इन मूळचा इंडियाना राज्यातला. नशीब काढायला तरुणपणी हॉलिवूडला आला आणि एका मोटार अपघातात मरता मरता वाचला. बरा होईपर्यंत चाकाच्या खुर्चीत बसून होता. त्या दिवसांत एका मित्रानं त्याला ‘जीप’ नावाचं पिल्लू आणून दिलं. उठता येत नाही, धावता येत नाही, मग शिकवायचं कसं? आवाजानं आणि हाताच्या खुणांनी. त्याची ही गरजच पुढे त्याचा धंदा झाली. कारण कॅमेऱ्यासमोरच्या कुत्र्यालाही असंच शिकवावं लागतं. मालक दूर, चौकटीबाहेर. हात लावायची सोय नाही.

पुढे रड वेदरवॅक्स या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यानं ‘लॅसी’ या कॉली जातीच्या कुत्रीच्या चित्रपटांवर काम केलं. मग स्वतःचा संसार थाटला. त्यात कुत्री होती, मांजरं होती, डुकरंही होती. ‘ग्रीन एकर्स’ मालिकेतलं आर्नल्ड हे डुक्कर त्याच्याच तालमीतलं.

या गोतावळ्यात हिगिन्स उठून दिसला तो हुशारीमुळे. इनचं सांगणं असं की, ऐन उमेदीच्या काळात हिगिन्स आठवड्याला एक नवी गोष्ट शिकायचा. आणि शिकलेलं वर्षानुवर्षं विसरायचा नाही. सांगितल्यावर जांभई द्यायचा. सांगितल्यावर शिंकायचासुद्धा!

[दृश्य : कृष्णधवल टीव्ही. रेल्वेमार्गाजवळचं लहानसं हॉटेल.]

१९६४ मध्ये त्याला ‘पेटिकोट जंक्शन’ या मालिकेत काम मिळालं. मालिका लोकप्रिय होती, १९७० पर्यंत चालली, आणि शेवटपर्यंत हिगिन्स तिच्यात होता. पण त्या पात्राला नावच नव्हतं. सगळे त्याला ‘डॉग’ म्हणत. श्रेयनामावलीतही त्याचं नाव नसे. तरी १९६६ मध्ये त्याला पॅट्सी पुरस्कार मिळाला.

या पुरस्काराला एक काळी पार्श्वभूमी आहे. १९३९ च्या एका चित्रपटासाठी उंच कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला. मोठा गहजब झाला. त्यानंतर अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या संस्थेनं हॉलिवूडमध्ये कचेरी थाटून चित्रीकरणावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. १९५१ पासून तिनंच प्राणी-कलाकारांना पॅट्सी द्यायला घेतलं. जनावर राबतंय, तर त्याची दखल घ्या आणि त्याला सांभाळाही, असा त्यामागचा हिशेब.

[दृश्य : टेक्सासमधलं लहान गाव. रिकामे रस्ते, एक पडका वाडा.]

मालिका संपली. हिगिन्स म्हातारा झाला. १९७१ मध्ये एक टीव्ही-चित्रपट करून तो जवळपास निवृत्तच झाला होता.

तिकडे डॅलसमध्ये जाहिरातींच्या धंद्यातल्या जो कॅम्पच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती : गोष्ट कुत्र्याच्या नजरेतून सांगायची. कुत्रा बोलणार नाही, त्याच्या मनातलं सांगणारा निवेदकही नसेल. जे काही कळायचं ते चेहऱ्यावरून. म्हणजे कुत्रा नट म्हणून कच्चा निघाला, की सगळा चित्रपटच बसला. इननं त्याच्यासमोर उभा केला तो तेरा-चौदा वर्षांचा हिगिन्स. या वयात बहुतेक कुत्री दिवसभर झोपतात.

[दृश्य : कॅमेरा जमिनीलगत. मागे माणसांचे फक्त पाय.]

चित्रपटाचं नाव ‘बेन्जी’. चित्रीकरण टेक्सासमध्ये झालं, मकिनी आणि डेंटन या गावांत. कथा साधी. पडक्या घरात राहणारा बेन्जी हा भटका कुत्रा, त्याला चोरून खाऊ घालणारी दोन मुलं, आणि त्या मुलांचं अपहरण. बेन्जीला मुलं कुठे आहेत ते माहीत असतं, पण मोठ्या माणसांना सांगणार कसं?

आता जरा थांबून बघू, कुत्र्याचा एवढासा कटाक्ष कसा तयार होतो. कुत्र्याला एका खुणेवर उभं राहायला शिकवलेलं असतं. प्रशिक्षक कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला. त्याच्या हातात खाऊ. हात वर गेला की कुत्र्याचे कान वर. हात डावीकडे सरकला की नजर डावीकडे. हात पाठीमागे गेला की कुत्रा क्षणभर मान तिरकी करतो. खाऊ गेला कुठे? बस्, तेवढाच तुकडा संपादकाला हवा असतो. त्याला तो रडणाऱ्या मुलांचं दृश्य जोडतो आणि आपल्याला वाटतं, बेन्जीला काळजी वाटतेय. आवाजाची फिकीर नसते. प्रशिक्षक मोठ्यानं हाका मारत असला, तरी नंतर त्या पुसून वर संगीत चढवता येतं.

ही झाली युक्ती, आणि ती प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत वापरतात. पण ‘बेन्जी’ पाहताना एवढ्यानं समाधान होत नाही. हिगिन्स थांबतो, मागे बघतो, पुन्हा पुढे बघतो, आणि मग निघतो. हे सगळं कॅमेरा न थांबवता. वर्षानुवर्षं साठवलेल्या सवयी एकापुढे एक लावता येणारा, कसलेला नटच हे करू जाणे. चित्रपटात मधेच बेन्जी आणि टिफनी नावाच्या पांढऱ्याशुभ्र माल्टीज कुत्रीचं प्रेमगीत आहे, संथगती धावण्यासकट. खरं सांगायचं तर ते जरा लांबलंय. हिगिन्सचा त्यात दोष नाही.

एक योगायोग मात्र बघण्यासारखा. बेन्जी ज्या कॅफेपाशी रोज डोकावतो, तिथला म्हातारा आहे एडगर ब्युकॅनन. ‘पेटिकोट जंक्शन’मधला अंकल जो. दोघं जुने सहकलाकार. एकमेकांची सवय कमवायला त्यांना वेळ लागला नसणार.

[दृश्य : चित्रपटगृहाबाहेर मुलांसह उभी कुटुंबं.]

चित्रपट तयार झाला आणि हॉलिवूडच्या एकाही मोठ्या कंपनीनं तो घेतला नाही. कॅम्पनं मग स्वतःच्याच कंपनीमार्फत १९७४ मध्ये तो प्रदर्शित केला. खर्च सुमारे पाच लाख डॉलर. कमाई चार कोटी डॉलरच्या आसपास. गाण्याला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही.

हिगिन्सच्या वाट्याला हे यश वर्षभरच आलं. नोव्हेंबर १९७५ मध्ये तो गेला. इननं त्याच्या अस्थी जपून ठेवल्या.

[दृश्य : तसाच दिसणारा दुसरा कुत्रा.]

पुढच्या चित्रपटाची मागणी तर होती. आणि इथेच खरी अडचण आली. उत्तम जातीचा कुत्रा असला की त्याच्यासारखे दिसणारे आणखी चार मिळतात. लॅसीची भूमिका पिढ्यान्‌पिढ्या चालली ती त्यामुळेच. पण कुळाचा पत्ता नसलेल्या कुत्र्याचा तोंडवळा आणायचा कुठून? तो मिळाला घरातच. हिगिन्सची मुलगी बेन्जीन. १९७७ च्या दुसऱ्या चित्रपटात बेन्जी झाली ती, आणि पडद्यावर बेन्जी मात्र नरच राहिला. प्रेक्षकांना पत्ता नव्हता.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. २००४ च्या चित्रपटासाठी कॅम्पला नवा बेन्जी हवा होता. त्यानं नामांकित पैदासकारांचे दरवाजे ठोठावले नाहीत. देशभरातले प्राणी-निवारे पालथे घातले. मिसिसिपी राज्यातल्या एका निवाऱ्यात त्याला हवी तशी कुत्री सापडली. तिच्याही आईबापांचा पत्ता नव्हता.