खोडव्यातला कर्ब

[दृश्य : रात्र. तोडलेल्या फडात पाचट पेटले आहे. बांधावरून रुंद चौकट.]

कृष्णा-वारणेच्या काठची काळी रानं. तोड झाली, ऊस गाडीत गेला, वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाने, जनावरांपुढे पडले. रानात उरले ते पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने, हेक्टरी ८ ते १० टन. त्यात निव्वळ कर्ब, म्हणजे कार्बन, ३ ते ४ टन, उसाने वर्षभर हवेतून ओढून पानांत साठवलेला. त्यासाठी शेतकऱ्याने पाणी दिले, खत दिले, पंपाचे वीजबिल भरले. एक काडी लावली की तो पुन्हा हवेत जातो. पाचटात हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र (नायट्रोजन) असते, त्यातलेही बहुतेक धुराबरोबर जाते. राखेत राहते थोडे पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस).

पेटवण्याची कारणे कुणालाही विचारा. सरीतून पाणी पुढे सरकत नाही, बगला फोडायला, म्हणजे वरंब्याच्या बाजू नांगरून मोकळ्या करायला, औजार चालत नाही, उंदीर होतात. कारणे खरी आहेत. पण पाचट ठेवूनही ही कामे भागतात, आणि कशी ते पुढच्या रानात दिसेल.

[दृश्य : बांध आणि रान. फावड्याने दोन ठिकाणची माती काढली जाते. काचेच्या दोन बरण्या.]

आधी ही दोन ढेकळे. दोन्ही एकाच जमिनीची, मधले अंतर चार पावलांचे. डावीकडचे बांधावरचे. तिथे नांगर जात नाही, हराळी आणि कुंदा बारा महिने उभे असतात, मुळे जमिनीतच मरतात आणि जमिनीतच कुजतात. उजवीकडचे रानातले. तिथे लागणीआधी दोनदा नांगरट, मग रोटाव्हेटर, आणि प्रत्येक तोडीनंतर आग.

दोन्ही ढेकळे पाण्यात सोडली. रानातले ढेकूळ काही मिनिटांतच ढासळते आणि पाणी गढूळ होते. बांधावरचे बराच वेळ आकार धरून राहते. त्याचे कण जिवाणूंच्या चिकट स्रावाने आणि बुरशीच्या तंतूंनी बांधलेले आहेत. काळ्या चिकणमातीत कर्ब याच गुठळ्यांच्या आत दडून राहतो. रोटाव्हेटर गुठळी फोडतो, आत हवा शिरते आणि इतके दिवस हाती न लागलेला कर्ब जिवाणू फस्त करतात.

[दृश्य : मातीवर सौम्य आम्लाचे थेंब. फेस.]

हा फेस बघून पुष्कळांची फसगत होते. हाही कर्बच, पण चुनखडीतला. दख्खनच्या काळ्या जमिनीत तो भरपूर असतो आणि पिकाला त्याचा काही आधार नसतो. आपल्याला हवा तो सेंद्रिय कर्ब. तो मोजायचा तर प्रयोगशाळेत यावे लागते.

[दृश्य : प्रयोगशाळा. शंकूपात्र, ब्युरेट, रंगबदल.]

१९३४ साली वॉकली आणि ब्लॅक यांनी दिलेली पद्धत आजही तशीच चालते. चाळलेली १ ग्रॅम माती, १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. अर्धा तास थांबायचे. मग पाणी, फॉस्फोरिक आम्ल, दर्शकाचे थेंब, आणि वरून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने. जांभळट निळा रंग एकाएकी हिरवा होतो, तिथे तोटी बंद. या पद्धतीत सेंद्रिय कर्बाचा साधारण ७७ टक्के भागच जळतो, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. चुनखडीतला कर्ब यात मोजला जात नाही. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.४० टक्क्यांपर्यंत कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम.

हा आकडा नमुन्याइतकाच खरा. रानातल्या दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची सारख्या जाडीची माती काढायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे. बांधालगतची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती नको. जिथे पाचट पेटले होते त्या जागेची राखही नको.

[दृश्य : सकाळ. तोड झालेला फड. कोयत्याने बुडखे छाटणे.]

आता खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून नव्याने फुटणारे पीक. उसाच्या सगळ्या चक्रात जमिनीला नांगराशिवाय वर्षभर विश्रांती मिळते ती इथेच. म्हणून आगीने सर्वांत मोठे नुकसान होते तेही इथेच. १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या फडाचाच खोडवा ठेवावा, अशी शिफारस आहे.

पहिले काम पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत घालण्याचे. याला उशीर चालत नाही. पाचटाखाली दबलेल्या बुडख्याला ऊन लागत नाही, कोंब पिवळे आणि लांबट निघतात, काही कुजतात, आणि मग फडात तुटाळ, म्हणजे मोकळ्या जागा, दिसते. सरीत पाचट सारखे पसरायचे. गठ्ठे राहिले की पाणी तिथेच तुंबते, आणि दोष पाचटाला दिला जातो.

मग धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटायचे. उंच राहिलेल्या बुडख्यांचे वरचे डोळे फुटतात आणि त्यांची मुळे वरच्या वरच राहतात. छाटलेल्या तोंडावर शिफारशीतले बुरशीनाशक.

[दृश्य : पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट फेकणे. शेणखतात मिसळलेले जिवाणू.]

हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू. जिवाणू चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकतात. युरिया वगळला तर काय होते ते उन्हाळ्यात कळते. पाचटात नत्राच्या ऐंशी ते शंभर पट कर्ब असतो. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र लागते, आणि पाचटात ते मिळाले नाही तर ते जमिनीतले उचलतात. खोडवा पिवळा पडतो, लोक म्हणतात पाचटाने जमीन बिघडली. दुसरी चूक, युरिया कोरड्या पाचटावर टाकून पाण्याची पाळी येईपर्यंत सोडून देणे. त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडतो. टाकले की लगेच पाणी.

पहिले पाणी रेंगाळतेच. पाचट भिजून बसले की पुढची सरळ जातात.

[दृश्य : पहार. वरंब्याच्या बगलेत छिद्रे, त्यात खत.]

बगला फोडायच्या नाहीत, बांधणी करायची नाही. खत पहारीने. बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, १५ ते २० सेंटीमीटर खोल छिद्र, दोन छिद्रांत एक फूट. वापसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, पहिली मात्रा तोडणीनंतर १५ दिवसांत, दुसरी १३५ दिवसांनी समोरच्या बाजूला. छिद्र मातीने बुजवायचे. काम वेळखाऊ आहे, दोन माणसे लागतात, एक पहार मारायला आणि एक खत घालायला. पण खत मुळाशी पडते, आणि औजार चालत नाही ही तक्रारच उरत नाही.

[दृश्य : पावसाळ्यातला फड. पाचट बाजूला सारून खालची माती.]

तीन-चार महिन्यांनी पाचट काळे पडते, हाताने चुरगळते. खाली ओल, पांढरी मुळे, गांडुळांची विष्ठा. तण कमी, पाण्याच्या पाळ्यांत अंतर वाढते.

एका वर्षात अहवालातला आकडा हलेल असे मात्र धरू नये. हेक्टरभर रानातली वीतभर माती भरते २५०० टनांच्या आसपास. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर अडीच टन टिकून राहायला हवा, आणि पाचटातला बहुतेक कर्ब कुजताना हवेत जातो. टिकतो तो थोडा, पण दर खोडव्याला भर पडते. शेजारच्या फडातली ठिणगी येऊ नये म्हणून बांधालगतच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवाव्यात, नाहीतर ही भर एका रात्रीत जाते. खोडवा मोडतानाही बुडखे पेटवू नयेत, कुट्टी करून तिथेच गाडावेत आणि वर ताग किंवा हरभरा घ्यावा. पुढचा नमुना तीन वर्षांनी, त्याच रानातून, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवरून.