धोतर पिवळं निघालं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. विषय दिलाय गावच्या मातीच्या धरणाची निगा, आणि वेळ दिलीय मोजून दहा मिनिटं. माझी सारी नोकरी बंधारे आणि पाझर तलावांच्या कडेनं गेली, त्यामुळे एकदा बोलायला लागलो की मला थांबवावं लागतं. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. धरणाच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल, तर झिरपू द्या. गढूळ आलं, तर धावा. पुन्हा सांगतो. स्वच्छ असेल तर झिरपू द्या, गढूळ आलं तर धावा.

तुमच्या गावचा तलाव तुम्ही पाहिलेलाच आहे. असे कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळातले. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन आपल्या आयाबायांनी पाट्यांनी वाहिलेली ती माती. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेलं अस्तर, आणि एका कडेला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. मातीच्या भिंतीतून थोडं पाणी पाझरणारच, त्याला घाबरायचं नाही. पाण्यासोबत माती यायला लागली की मात्र घाबरायचं.

आता गोष्ट. माणदेशातलं एक गाव, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. घट बसायला चार दिवस होते. आमच्याकडे पाऊस येतो तो परतीचाच, आणि त्या वर्षी तो आठ दिवस हटला नव्हता. मी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी खात बसलो होतो. चहा काचेच्या पेल्यात. हल्ली कागदी कपात चहा देतात, त्याला कागदाची चव येते आणि वर पाच रुपये जास्त घेतात, असो. तो काचेचा पेला लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर एक म्हातारी आत आली. गाव तिला आक्का म्हणायचं. घटाआधी घरातल्या वाकळा, धडुती सगळं धुवायचं असतं, ती नाल्यावरूनच आली होती. म्हणाली, “सायेब, धोतार पिवळं निघालंया.”

मी म्हटलं, “आक्का, साबण बदला.”

तिनं ते ओलं धोतर माझ्या भज्यांशेजारी आपटलं. “वीस वरीस त्याच दगडावर धुतीया म्या. धरनाखालचं पानी कवा गढूळ आलं न्हाई. ह्याच धरनावर पाट्या टाकल्यात म्या, मला शिकवू नगा.”

मी मोटारसायकल काढली. आक्का मागं बसायला तयार नव्हती, ती पाऊलवाटेनं निघाली. मी चिखलात दोनदा रुतलो, आणि पोचलो तर ती नाल्यावर आधीच उभी.

भिंतीच्या पायथ्यापासून दहाएक फुटांवर परातीएवढ्या जागेत पाणी उसळत होतं. पिठलं रटरटतं ना चुलीवर, अगदी तसं. आणि भोवती बारीक मातीचं कडं, मुंग्या वारुळाभोवती घालतात तसं. मी हॉटेलातला पेला खिशात घालून आणला होता. तो भरला, दगडावर ठेवला. दहा मिनिटांनी तळाशी नखभर गाळ बसला. तो नाल्यातला गाळ नव्हता, श्रोतेहो. तो धरणाच्या पोटातला होता. पेल्यामागं नखभर, अशी ती भिंत आतून चालली होती.

तोवर गावातली पोरं काळ्या मातीच्या पाट्या घेऊन हजर. “सायेब, भोक बुजवतो.” मी ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. इथंच सगळे चुकतात. भोक बुजवलं की पाणी शेजारून वाट काढतं आणि दुप्पट माती घेऊन जातं. पाण्याला वाट द्यायची, मातीला अडवायचं. रांजणावर फडकं बांधतो ना आपण, पाणी खाली उतरतं आणि कचरा वर राहतो, तसंच. आधी वाळू, वाळूवर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वर दगड. ध्यानात ठेवा, पाण्याला वाट, मातीला अडव.

वाळू-खडी कुठली? शाळेच्या नव्या खोलीसाठी ढीग पडले होते, तेच उचलले. हेडमास्तरांनी पावती मागितली. भज्याच्या तेलकट कागदावर लिहून दिली. ती पुढं दोन वर्षं लेखापरीक्षणात फिरत होती.

मग सांडव्यावर गेलो आणि कपाळावर हात मारला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मासेवाल्यानं सांडव्यावर जाळी बांधली होती आणि जाळीला टेकवून वाळूची पोती रचली होती, दोन फूट उंच. म्हणजे तलावात दोन फूट पाणी जादा. आणि पाझर तलावाला दार नसतं, सांडवा हीच त्याची वाट. दगडी धरणावरून पाणी गेलं तर कदाचित निभावतं. मातीच्या भिंतीवरून गेलं तर भिंत उभी राहत नाही. पोती काढायला लावली. तीही टप्प्याटप्प्यानं, दोन्ही कडांची आधी, नाहीतर लोंढा नाल्याकाठच्या घरांवर गेला असता. तिथल्या माणसांना, गुराढोरांना आम्ही त्याआधीच देवळात हलवलं होतं. सगळ्यात पहिलं काम ते.

पाण्याबरोबर मासेही गेले खाली. त्या रात्री घरोघरी कालवण. पितृपक्ष चालू होता, पण पंचांग कुणी उघडलं नाही. मासेवाल्यानं मात्र माझ्या सगळ्या पितरांचा उद्धार केला.

रात्री मी आणि गावातली चार माणसं कंदील घेऊन झऱ्यापाशी बसलो. हॉटेलवाल्याकडून आणखी पेले मागवले. दर तासाला एक पेला भरायचा आणि रांगेत ठेवायचा. मी पेले भरत बसलोय तोवर बाकीचं उरकून घेतो, कारण निवेदिकाबाई काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत.

एक, भिंतीवर झाडं लावू नका. गवत असू द्या, ते माती धरतं. पण बाभळ, लिंब, गुलमोहर नको. झाड मेलं की मुळं कुजतात आणि भिंतीत आयत्या नळ्या तयार होतात. तरी दर जूनला कुणीतरी पाहुणा धरणाच्या माथ्यावर खड्डा खणून रोप लावतो, फोटो काढतो आणि जातो. मी माझ्या हातानं अशी रोपं उपटलीत, एकदा तर पाहुण्याची गाडी वळायच्या आतच. झाडांवर माझा राग नाही, घरी अंगणात सहा आंबे आहेत. असो.

दोन, घुशी, उंदीर, खेकडे यांची बिळं पावसाळ्याआधी खणून, मातीनं ठोकून भरा. २०१९ च्या २ जुलैला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा खेकड्यांचं नाव पुढं आलं. खेकडा बीळ करतो, खोटं नाही. पण तिथं गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती, आणि तक्रार काही खेकड्यानं वाचायची नसते.

तीन, गाळ काढा, जरूर काढा, शेतात टाका. पण भिंतीला खेटून जेसीबी लावू नका. भिंतीपुढचा गाळ तळाला लिंपण घातल्यासारखा असतो. तो खरवडलात तर पाण्याला खालून रस्ता मोकळा.

चौथं, २०२१ चा धरण सुरक्षितता कायदा आहे, पण तो पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना, आणि दहा ते पंधरामधल्या काहींना. तुमचा आठ-नऊ मीटरचा तलाव त्यात बसत नाही. तेव्हा गढूळ पाणी दिसलं की ग्रामसेवक, तलाठी, जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग, जो आधी सापडेल त्याला गाठा. आणि हसले तरी तिथून हलू नका. मीही हसलोच होतो.

तर पेले. पहिल्याच्या तळाशी नखभर, तिसऱ्याच्या तळाशी त्याच्या निम्मा, सहाव्यात नुसती पिवळसर झाक. पहाटे आठवा भरला, कंदिलासमोर धरला, तर पलीकडची वात दिसली. झरा चालूच होता, पण माती थांबली होती.

उजाडता उजाडता आक्का आली. खांद्यावर तेच धोतर. माझ्या पेल्यांच्या रांगेकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनं धोतर पाण्यात बुडवलं, पिळलं, झटकलं, उजेडाकडं धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. मग वाकळांचं गाठोडं दगडावर टाकलं आणि म्हणाली, “सरका सायेब, माझं धुनं ऱ्हायलंय.”