दुखत नाही त्या दिवशीचा दवाखाना

(दृश्य: ग्रामीण रुग्णालयाचं आवार. बाजाराच्या पिशव्या, सायकली, भिंतीला टेकून उभी असलेली एक छत्री.)

गडचिरोली जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. आज गावचा आठवडी बाजार आहे आणि आजच इथे लहान मुलांची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, ओपीडी आहे. वार मुद्दाम जुळवलेला. दवाखान्यासाठी एक रोजी बुडवायची म्हटलं तर धानपट्ट्यातली बाई दोनदा विचार करते, पण बाजाराला ती येतेच. तेल, मीठ, मिरची आणि पोराची महिन्याची औषधं एकाच फेरीत होतात. ज्यानं कुणी हा वार ठरवला, त्याला या भागाची नाडी कळलेली आहे.

बाकावर बसलेली मुलं बघा. कण्हणारं एकही नाही. दोघं खिडकीच्या गजाला लोंबकळताहेत, एकीचं फुटाण्याच्या पुडीकडे लक्ष आहे. आजारी मुलांना दवाखान्यात आणतात हे सगळ्यांना माहीत असतं. बरं दिसणाऱ्या मुलाला दर महिन्याला का आणायचं, हे आईच्या गळी उतरवणं अवघड. बापाच्या तर त्याहून.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचपट्टी, सूक्ष्मदर्शक.)

निरोगी लाल रक्तपेशी गोल आणि लवचिक असते. सिकलसेलच्या मुलांच्या हिमोग्लोबिनमध्ये एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन असतं. बदल एवढाच. पण अंगातलं पाणी घटलं, ताप चढला, प्राणवायू कमी पडला, की हे हिमोग्लोबिन पेशीच्या आत लांब दांडे तयार करतं. पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढे रक्त पोचत नाही आणि दुखणं सुरू होतं. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, या मुलांची 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे कायम पिवळसर. गावात त्याला कावीळ म्हणतात आणि जडीबुटी देणाऱ्याकडे नेतात. शाळेत रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या मिळतात. खरं तर या मुलांना फॉलिक ॲसिड लागतं. लोह द्यायचं ते तपासणीत त्याची कमतरता निघाली तरच.

आई आणि बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे सदोष जनुक एकाच बाजूनं आलेले, इथल्या बोलीत 'एएस', तर दर खेपेला मूल 'एसएस', म्हणजे आजारी, होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. उलट फाल्सिपेरम या गंभीर मलेरियापासून त्याला थोडं संरक्षणच मिळतं, त्यामुळे मलेरियाच्या मुलखात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलं. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्याची नोंद झाली. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. म्हणजे विदर्भाला हा आजार काही काल-परवा कळलेला नाही.

आणखी एक. ही 'आदिवासींची बिमारी' आहे असं अजूनही बोललं जातं. गोंड, माडिया, परधान कुटुंबांत ती आहेच, पण बौद्ध, कुणबी आणि तेली घरांतही आहे. आडनाव बघून तपासणी ठरवली की पुढचं निदान चुकतं.

(दृश्य: तपासणीची खोली. आईच्या मांडीवर दीड वर्षाचा मुलगा.)

पहिले काही महिने या बाळांना काहीच होत नाही, कारण आईच्या पोटात असताना बाळाचं बनलेलं हिमोग्लोबिन अजून अंगात असतं. सहा महिन्यांनंतर ते ओसरत जातं आणि पहिली खूण दिसते. बहुतेक वेळा ती हातापायांवर असते.

आई सांगते, "आठ महिन्याचा होता जी. दोन्ही हात सुजले, पायबी सुजले. हात लावू देत नव्हता. आम्हाले वाटलं, काही चावलं असन."

बोटांच्या हाडांना रक्त न पोचल्यामुळे येणारी ही सूज आहे. गावात ती कधी कीटकाच्या नावावर जाते, कधी मार लागल्याच्या.

(दृश्य: डॉक्टर मुलाच्या पोटावर हात ठेवतात. मग आईचा हात धरून तिथेच ठेवतात.)

आता हे नीट बघा. आजच्या ओपीडीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे आणि त्याला एकही यंत्र लागत नाही.

"ताई, डाव्या बरगडीच्या खाली बोटं ठेवा. दाबू नका. लागली का?"

"लागली जी."

"ही पाणथरी, म्हणजे प्लीहा. आज दोन बोटं आहे. रोज आंघोळ घालताना बघायची. एखाद दिवशी चार बोटं लागली, पोरगं पांढरं पडलं, मलूल झालं, तर बाजाराची वाट बघायची नाही. त्याच घडीला निघायचं."

लहान वयात कधी कधी अंगातलं रक्त अचानक पाणथरीत साठतं. पाणथरी फुगते, बाकीच्या शरीराला रक्त कमी पडतं आणि काही तासांत मूल हातचं जाऊ शकतं. वेळेवर रक्त चढवलं तर वाचतं. जमैकामध्ये डॉक्टरांनी आई-बापांना पाणथरी हातानं ओळखायला शिकवलं, तेव्हा अशी मुलं लवकर दवाखान्यात येऊ लागली आणि त्यांचे मृत्यू घटले. 1985 मध्ये ते प्रसिद्ध झालं. जमैका काय आणि गडचिरोलीतलं धानोरा काय, आईची बोटं सारखीच. फरक पुढच्या वाटेत पडतो. भामरागडकडच्या आईला पाणथरी वाढलेली कळली आणि त्याच दिवशी पर्लकोटा नदीला पूर असला, तर रक्तपेढीपर्यंत कसं जायचं, याचं उत्तर बालरोगतज्ज्ञाकडे नसतं.

पाणथरी जंतूंशीही लढते. या मुलांत ती लवकर निकामी होते आणि न्युमोकोकस नावाचा जंतू मोकाट सुटतो. अमेरिकेत 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोन वेळा पेनिसिलिन घेणाऱ्या लहान मुलांत हा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी दिसला. तेव्हापासून पाच वर्षांपर्यंत हे औषध देण्याचा प्रघात आहे. न्युमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणात आहे, ती चुकवायची नाही. ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट बघणं इतर मुलांना चालतं, या मुलांना नाही.

(दृश्य: औषध खिडकी. सिस्टर एक कॅप्सूल हातात घेऊन दाखवतात.)

ही कॅप्सूल हायड्रॉक्सीयुरियाची. आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला हे औषध शरीराला भाग पाडतं. पेशी कमी वाकतात, दुखण्याचे झटके कमी येतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. परदेशी मुलांत मात्रा हळूहळू वाढवत नेतात आणि त्यासाठी रक्ततपासण्या वरचेवर लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ते कसं जमणार? नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आजार तीव्र असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरावीक मात्रा देऊन पाहिली. गुण आला. 2012 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्या भागातल्या दवाखान्याला पेलेल असं उत्तर आपल्याच भागात शोधलं गेलं, याचा विदर्भानं जरा जास्त गाजावाजा केला तरी चालेल.

पण अडचण कॅप्सूलच्या आकाराची आहे. ती साधारण 500 मिलिग्रॅमची येते. दहा किलोच्या मुलाला 100 मिलिग्रॅम हवं. मग औषधनिर्माता पुड्या बांधून देतो, आणि सिस्टर बजावतात की घरात कुणी गरोदर असेल तर तिनं त्या पुडीला हात लावायचा नाही. पातळ औषध देशात आता बनू लागलं आहे. ते या खिडकीपर्यंत कधी येतं, ते बघायचं. तोवर दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी घटल्या तर औषध थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं. ओपीडी महिन्याला असते ती यासाठी.

(दृश्य: ओपीडीचं रजिस्टर. काही पानं भरलेली, काही रिकामी.)

रजिस्टर चाळलं की शेतीचं वेळापत्रक दिसतं. मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी. दोन्ही वेळा हजेरी घटते. आणि याच दोन वेळा मुलांना जास्त त्रास होतो. मे महिन्यात घाम आणि कमी पाणी. रोवणीत पावसात भिजणं, गारठा, सर्दी-ताप. उपचारांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवसांत आई बांधावर असते. तिला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. आम्ही ते म्हणणार नाही. या दोन महिन्यांत औषध आशाताईंच्या हाती घरी पोचवलं, तर अर्धा प्रश्न सुटतो. या रुग्णालयानं तसं सुरू केलं आहे.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळा. पाण्याची बाटली घेतलेली एक मुलगी.)

शाळेत पाण्याची बाटली हेही औषधच. या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून पाणी जास्त लागतं आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. वर्गात दर तासाला बोट वर करणाऱ्या मुलीला 'नाटकं करते' असं ऐकावं लागतं. शाळेचं संडास बंद असेल तर ती पाणीच पिणं सोडते, आणि चार दिवसांनी पाय धरून दवाखान्यात येते. दुखण्याचंही तसंच. हाडातलं दुखणं बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, ताप नाही, म्हणून मोठ्यांना खोटं वाटतं. ते कधी कधी इतकं असतं की मोठ्या माणसालाही मॉर्फिन लागेल. मुलाच्या वेदनेवर विश्वास ठेवणं, ही या विशेष उपचारांतली पहिली पायरी आहे. तिला खर्च शून्य येतो, तरी ती सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

(दृश्य: तपासणी शिबिर. रांग, बॅनर.)

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. पण शिबिरातली स्वस्त सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लागू पडत नाही. त्याला टाचेतून रक्त घेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी यंत्रावरची चाचणी, करावी लागते. आणि मुलाला 'एसएस'चं कार्ड देऊन महिन्याची ओपीडी दिली नाही, तर आईच्या हाती फक्त काळजी येते. किती तपासले, याचे आकडे फलकावर लागतात. किती मुलं या महिन्यात औषधाला आली, हाही आकडा तिथेच लावायला हवा.

काही गोष्टी इथे होणारच नाहीत, तेही सांगायला हवं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह मोजणारी डॉप्लर तपासणी दोन वर्षांच्या वयापासून दरवर्षी व्हायला हवी, कारण या मुलांना बालपणीच पक्षाघात होऊ शकतो आणि धोका आधी ओळखता येतो. त्यासाठी नागपूर गाठावं लागतं. गडचिरोलीहून ते सुमारे 170 किलोमीटर, भामरागडहून जवळपास त्याच्या दुप्पट. बोन मॅरो प्रत्यारोपण आणखी दूरचं. तपासणीच्या तारखा एकत्र बांधून, एका गाडीत आठ-दहा मुलं नेणं हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग आहे.

(दृश्य: दुपार. रांगेतला शेवटचा नंबर. सतरा वर्षांचा मुलगा, हातात फाइल.)

याला आज औषधाबद्दल काही विचारायचं नाही. गावातले सगळे दोस्त पहाटे पोलीस भरतीचा सराव करतात.

"म्याडम, सोळाशे मीटर धावलो तं चालन का?"

डॉक्टर गोल उत्तर देत नाहीत. उन्हात, घामात, दम लागेपर्यंत धावणं त्याच्यासाठी दुखण्याच्या झटक्याला बोलावणं आहे, असं त्या सरळ सांगतात. चालणं, सायकल, थोडं खेळणं चालेल. मग दुसरं बोलणं सुरू होतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी महाविद्यालयांत शिक्षणाच्या राखीव जागेवर दावा करता येतो. पण नोकरीच्या आरक्षणाच्या कलमात याच कायद्यानं रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. हे ऐकून तो विचारतो, "मंग शिकून काय करू जी?" डॉक्टर त्याला आयटीआयबद्दल सांगतात, बसून करता येतील अशा ट्रेडबद्दल. प्रमाणपत्राचा अर्ज काउन्सेलरनं भरून द्यायचा ठरतं.

पुढच्या वर्षी तो अठरा पूर्ण करेल. या रुग्णालयात मोठ्यांची सिकलसेल ओपीडी नाही. त्याला पुढे कोण बघणार, हे अजून ठरलेलं नाही. डॉक्टर त्याच्या केसपेपरवर पुढच्या बाजाराची तारीख टाकतात.