ओव्हररेटेड कोण? बँडच्या आत बघा

नमस्कार मंडळी. रॉक ऐकणारी चार माणसं जमली की चहा यायच्या आत हा वाद सुरू होतो. लेड झेपेलिन हा बँड मोठा की डीप पर्पल, पिंक फ्लॉइड हा बँड रॉजर वॉटर्सचा की डेव्हिड गिलमोरचा. मला या लढती फारशा रुचत नाहीत, कारण त्यात ज्याचा त्याचा कॉलेजचा काळ बोलत असतो. माझं म्हणणं असं आहे की ओव्हररेटेड आणि अंडररेटेड अशी दोघंही पुष्कळदा एकाच बँडमध्ये सापडतात. एकाला जास्तीचं मिळालेलं श्रेय शेजारी उभ्या असलेल्याच्या वाट्याचं असतं.

बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याच्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त टिंगल त्याची झाली. तो प्रसिद्ध विनोद तुम्ही ऐकला असेलच: रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का, असं विचारल्यावर त्याच्याच बँडमधला जॉन लेनन म्हणाला, तो तर बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम नाही. लेनन असं कधी म्हणाल्याचा पुरावा नाही. हा विनोद १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या विनोदी कार्यक्रमांतून आला. तोवर लेनन हयातही नव्हता. तरी आजही लोक तो त्याच्याच तोंडी घालतात, कारण तो पटतो. रिंगोचं सर्वसामान्य असणं लोकांनी आधीच गृहीत धरलेलं आहे.

रिंगोच्या विरोधातला खरा पुरावा एकच, तोही १९६२चा. तो ऑगस्टमध्ये बँडमध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये 'लव्ह मी डू'च्या दुसऱ्या रेकॉर्डिंगला निर्माता जॉर्ज मार्टिनच्या बाजूने अँडी व्हाइट नावाचा स्टुडिओ-ड्रमर बोलावला गेला. रिंगोच्या हाती खंजिरीसारखं टँबोरिन दिलं. गंमत म्हणजे सिंगलच्या सुरुवातीच्या प्रतींवर रिंगोने ड्रम वाजवलेलंच गाणं होतं. व्हाइटवालं आल्बमवर गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि किती फरक पडला ते सांगा.

रिंगो डावखुरा, पण ड्रमची मांडणी उजव्या हाताची. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात इतरांसारखा सरळ फिरत नाही. मध्ये किंचित अडखळल्यासारखं होतं, आणि तिथेच त्याचे फिल्स, म्हणजे दोन ओळींमधली जागा भरणारे ड्रमचे तुकडे, वेगळे होतात. 'कम टुगेदर'ची सुरुवात आठवा. ड्रमवर टॉवेल टाकून आवाज दाबलेला, आणि ती घरंगळत उतरणारी लय. ती काढून टाकली तर गाण्याची चालच बदलेल. १९६६चं 'रेन' ऐका. 'पेपरबॅक रायटर'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं ते. साथीचा ट्रॅक वेगात वाजवून टेप सावकाश केलेली, आणि त्यावर रिंगो शब्दांच्या मधल्या जागा शोधत वाजवतोय. स्वतःचं सर्वोत्तम काम म्हणून तो हेच गाणं सांगतो.

तबल्याची साथ जोखताना आपण आधी ठेका कसा धरला ते बघतो, गवयाला जागा किती दिली ते बघतो. रॉकच्या श्रोत्याने मात्र ड्रमर मोजला तो सोलोवरून, म्हणजे एकट्याच्या वादनावरून. रिंगोला सोलोचा कंटाळा. बीटल्सच्या आल्बमवर त्याचा सोलो एकच, 'ॲबी रोड'वरच्या 'दि एंड'मध्ये, आणि तोही इतरांनी मनवल्यावर. १९६८च्या ऑगस्टमध्ये तो वैतागून निघून गेला, तेव्हा 'बॅक इन दि यूएसएसआर'चे ड्रम मुख्यतः बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीने वाजवले. ते चांगलेच आहेत. पण रिंगो परतला तेव्हा बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवून ठेवला होता. शेजारी वाजवणाऱ्यांना त्याची किंमत कळत होती.

आता उलट बाजू. माझ्या मते 'दि डोअर्स' या बँडचा गायक जिम मॉरिसन ओव्हररेटेड आहे. थांबा, पुढचं ऐका. 'लाइट माय फायर' १९६७च्या जुलैमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते मुख्यतः गिटारवादक रॉबी क्रीगरचं. मॉरिसनने त्यात थोडी भर घातली. 'लव्ह मी टू टाइम्स' आणि 'टच मी'सुद्धा क्रीगरचीच. बँडमध्ये बास वाजवणारा नव्हता, म्हणून मंचावर रे मॅनझारेक डाव्या हाताने कीबोर्ड-बास वाजवायचा आणि उजव्या हाताने ऑर्गन. ड्रमर जॉन डेन्समोर त्याखाली बोसा नोव्हा या ब्राझिली संगीताची लय सरकवायचा. पोस्टरवर मात्र उघड्या छातीचा एकच माणूस. त्याची कविता मला शाळकरी वाटते. आवाज नाही, आवाज विलक्षण होता.

याला एक आडवा पुरावा आहे, तो लपवत नाही. १९७१मध्ये मॉरिसन पॅरिसमध्ये वारला. उरलेल्या तिघांनी पुढे दोन आल्बम काढले, आणि ते फारसे कोणी ऐकले नाहीत. म्हणजे चेहऱ्यालाही किंमत आहेच. वाद आहे तो ती किती यावर.

लेड झेपेलिनमध्ये असा दुर्लक्षित माणूस म्हणजे बास आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स. 'ब्लॅक डॉग'चा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा मुख्य सुरांचा तुकडा, त्याचा, 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीची बासरीसारखी रेकॉर्डर्स त्याची. १९९४मध्ये बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट पुन्हा एकत्र आले आणि त्याला न घेताच 'नो क्वार्टर' नावाचा आल्बम काढला; ज्या गाण्याचं हे नाव, त्याचा प्राण जोन्सचा कीबोर्ड! पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मंचावर त्याने मित्रांचे आभार मानले, शेवटी एकदाचा माझा फोन नंबर आठवला म्हणून. जाता जाता: १९७२मध्ये पेज आणि प्लांटने मुंबईत इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५मध्ये, आणि गाण्याच्या नावापुढे काय, तर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.

पाचगणीमुळे आपण क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला आपला मानतो. मानावंच; सेंट पीटर्समध्ये शिकताना तो 'हेक्टिक्स' या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. फ्रेडी ओव्हररेटेड आहे असं मी म्हणणार नाही. पण 'अनदर वन बाइट्स दि डस्ट' कोणाचं, असं विचारलं की दहातले आठ जण त्याचं नाव घेतात. ते क्वीनचा बासवादक जॉन डीकन याचं. शीक या बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सचा बास ऐकून त्याला सुचलेलं, आणि १९८०मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री'ही त्याचीच. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने एक छोटा ॲम्प्लिफायर बनवला, आणि क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारमधून कधी कधी अख्ख्या वाद्यवृंदासारखा जो भरगच्च आवाज ऐकू येतो, तो त्यातून निघाला. १९९७नंतर डीकन बाजूला झाला. क्वीन त्याच्याशिवाय फिरत राहिली.

आता प्रश्न घेऊ. मॉरिसनवरून चिडलेल्यांनी आधी हात वर करा, आणि बोलण्याआधी 'पीस फ्रॉग'मध्ये तुम्हाला नक्की काय आवडतं ते सांगा: शब्द, की क्रीगरची गिटार?